उधारीची बंदूक

एका अंत्यविधीपासून सुरुवात करतो. टेक्सासमधलं ऑरॅकल नावाचं एक गाव, सिनेमातलं. गावचा मार्शल, म्हणजे आपल्या हिशेबानं फौजदार, गुंडांच्या गोळीला बळी पडलाय. त्याला मूठमाती द्यायला गाव जमलंय. त्याची विधवा, रोज हूड, मान वर करून गर्दीकडे बघते आणि तिला दिसतं, की मारेकऱ्यांपैकी एक जण तिथंच उभा आहे. ती बंदूक उचलते आणि नवऱ्याच्या थडग्याशीच त्याला आडवा करते. मग नवऱ्याचा बिल्ला स्वतःच्या छातीवर लावते आणि नवा मार्शल येईपर्यंत गावचा कायदा सांभाळायला लागते.

हा प्रसंग १९५६ सालच्या ‘गनस्लिंगर’ या सिनेमातला. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन, रोजच्या भूमिकेत बेव्हर्ली गार्लंड. हॉलिवूडच्या मोठ्या तारकांच्या यादीत गार्लंडचं नाव सापडत नाही आणि उत्तम चित्रपटांच्या यादीत ‘गनस्लिंगर’ही सापडत नाही. पण मंडळी, एक गोष्ट बघा. त्याच काळात हॉलिवूडच्या मोठमोठ्या, लाखो डॉलर्स ओतलेल्या काउबॉयपटांत बाई काय करत होती? बहुतेक वेळा ती खिडकीचा पडदा सारून रस्त्याकडे बघत असायची. रस्त्यावर पुरुष लढायचे. मग या फाटक्या खिशाच्या सिनेमांतच बाई रस्त्यावर कशी उतरली?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या दादीचा. मी कॉलेजात असताना, १९८८-८९च्या सुमारास, आमच्या गावच्या थिएटरात सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. असाच एक ओरखडे पडलेला काउबॉयपट बघून आलो. नावही आता आठवत नाही. त्यात एक बाई कंबरेचं पिस्तूल काढते तेव्हा अख्खं थिएटर खो खो हसलं. मीही हसलो. घरी येऊन दादीला ती नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. तिच्या दखनीत म्हणाली, “हसता कायकू रे? उसकू बंदूक कौन दिया, वो बोल.” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे जसजसं वाचत, बघत गेलो, तसतसं ते थोडं थोडं हाती आलं. तेच आज सांगतो.

आधी पैशाचं गणित समजून घेऊ. १९३०च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, थिएटरं ओस पडत होती. मग मालकांनी शक्कल काढली : एका तिकिटात दोन सिनेमे. पहिला नामांकित नट-नट्यांचा, दुसरा तासाभराचा, स्वस्तातला. या दुसऱ्याला ‘बी पिक्चर’ म्हणत. मोठ्या सिनेमाच्या गल्ल्यात निर्मात्याचा टक्का असे, पण बी पिक्चरसाठी थिएटरवाला ठरावीक भाडं देई. सिनेमा चालो वा पडो, रक्कम तेवढीच. म्हणजे कमाईचा आकडा आधीच ठाऊक. नफा वाढवायचा तर खर्च कापायचा, एवढाच मार्ग. १९३५ साली स्थापन झालेल्या रिपब्लिक पिक्चर्ससारख्या कंपन्या या धंद्यात मुरलेल्या होत्या. लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ भागातले तेच खडक, तीच घोड्यांची धावपळ, पुष्कळदा तर जुन्या सिनेमातलीच दृश्यं पुन्हा चिकटवलेली.

अशा धंद्यात काउबॉय नायक ढिगानं होते. पोस्टरवर काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं. घोड्यावर बसलेली, हातात पिस्तूल घेतलेली बाई हे ते वेगळेपण. शिवाय कुणी मोठा सावकार डोक्यावर बसलेला नव्हता. फसलं तर काय, तासाभराचा सिनेमा फसला! तर दादीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की ज्याचं फारसं काही बुडणार नव्हतं, त्यानं बाईच्या हाती बंदूक दिली.

अर्थात बोलपटाच्याही आधी बायका पडद्यावर घोडे फेकत होत्या. ‘हॅझर्ड्स ऑफ हेलन’ नावाची मूकपटांची मालिका १९१४ ते १९१७ या काळात चालली. एका रिळाचे तब्बल ११९ भाग. रेल्वेत काम करणारी हेलन दरोडेखोरांचा पाठलाग करते, गाड्या वाचवते. आधी ही भूमिका हेलन होम्स करत होती. १९१५ पासून ती हेलन गिब्सनकडे आली. या बाईंचं मूळ नाव रोज वेंगर. ओहायोतल्या क्लीव्हलंडची पोरगी, घोडेस्वारीचे खेळ करणाऱ्या कंपनीत शिरली आणि तिथून सिनेमात आली. अमेरिकेतली पहिली व्यावसायिक स्टंटबाई म्हणून तिचं नाव घेतात.

तिची एक उडी प्रसिद्ध आहे. स्टेशनच्या छपरावरून धावत्या गाडीच्या टपावर उडी घ्यायची. आधी अंतर मोजलं, गाडी उभी ठेवून सराव केला. प्रत्यक्ष चित्रणात गाडी वेगात. ती टपावर बरोबर उतरली, पण गाडीच्या हेलकाव्यानं कडेकडे घरंगळत गेली. हवेच्या झरोक्याची नळी हाती लागली म्हणून वाचली. नुसती वाचलीच नाही, तर प्रेक्षकांचा श्वास अडकावा म्हणून क्षणभर तशीच लोंबकळत राहिली. १९२०च्या सुमारास तिनं स्वतःची निर्मितीसंस्था काढली. सिनेमा पुरा होण्याआधीच पैसे संपले आणि तिचं दिवाळं निघालं. पुन्हा ती दुसऱ्यांच्या सिनेमात लहानसहान कामं करू लागली. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

बोलपट आल्यावर गाणाऱ्या काउबॉयची लाट आली. मग ग्रँड नॅशनल नावाच्या एका छोट्या कंपनीनं विचार केला, गाणारी काउगर्ल का नको? त्यासाठी त्यांनी निवडली डोरोथी पेज. ती रेडिओवरची गायिका. म्हणजे आपल्या या माध्यमातलीच! १९३८-३९च्या सुमारास तिचे तीन सिनेमे निघाले. त्यातल्या ‘वॉटर रस्लर्स’ची गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. वरच्या अंगाला धरण बांधून खाणवाल्यांनी ओढ्याचं पाणी अडवलंय, खालची गुरं तहानेनं मरतायत, आणि एक तरुण मालकीण त्यांच्याविरुद्ध उभी राहते. पण गंमत अशी, की नाव तिचं, गाणी तिची, जमीन तिची. मारामारीची वेळ आली की मात्र पुढे होणार तिचा मुकादम, डेव्ह ओब्रायन. कंपनीचीच आर्थिक स्थिती डबघाईला आली होती. तीन सिनेमांत हा प्रयोग संपला.

खरा चाबूक कडाडला १९४४ साली. रिपब्लिकची बारा भागांची मालिका, ‘झोरोज ब्लॅक व्हिप’. नावात झोरो आहे, पण सबंध मालिकेत झोरो शोधूनही सापडत नाही. आहे ती बार्बरा मेरेडिथ. काम केलं होतं लिंडा स्टर्लिंगनं. काळ १८८९चा, ठिकाण आयडाहो. आयडाहोला राज्याचा दर्जा मिळावा की नाही, यावर मतदान व्हायचंय. राज्य झालं की कायदा येणार, म्हणून गावातल्या प्रतिष्ठित चोरांना ते नकोय. बार्बराचा भाऊ काळा मुखवटा घालून त्यांच्याशी लढत असतो. तो मारला जातो. मग ती गावचं वर्तमानपत्र चालवते आणि प्रसंगी तोच मुखवटा, तोच चाबूक घेऊन घोड्यावर स्वार होते. मुखवट्यामागे पुरुषच असणार, हे शत्रू धरूनच चाललेले असतात. तिचं सगळ्यात मोठं शस्त्र खरं तर तेच.

हा सगळा काळ महायुद्धाचा. पुरुष आघाडीवर गेलेले, लाखो अमेरिकन बायका कारखान्यांत विमानं आणि जहाजं जोडत होत्या. पडद्यावरच्या बाईनं भावाची जागा घेतली, तर थिएटरात बसलेल्यांना त्यात नवल वाटत नव्हतं. पण इतिहासाच्या पानात एक बोचरी गोष्ट आहे. आयडाहो १८९० साली खरोखरच राज्य झालं. तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला १८९६ साली. म्हणजे ज्या मतदानासाठी बार्बरा बारा भाग जीव धोक्यात घालते, त्यात खुद्द तिला मत नव्हतं! मालिका लिहिणाऱ्यांनी याकडे लक्ष दिलं असेल असं वाटत नाही. पण आज ती बघताना हेच आधी डोळ्यांत खुपतं.

इथं आपल्या मुंबईची आठवण काढायलाच हवी. काळा मुखवटा, चाबूक आणि घोडा घेतलेली बाई मुंबईनं रिपब्लिकच्या नऊ वर्षं आधी, १९३५ साली पडद्यावर आणली होती. वाडिया बंधूंची ‘हंटरवाली’, आणि नादिया. जेबीएच आणि होमी वाडिया हे हॉलिवूडच्या साहसपटांचे, मालिकांचे चाहते. तिकडून त्यांनी घोडदौड आणि मुखवटा उचलला आणि इथल्या राजकन्या-वजिराच्या गोष्टीत बेमालूम बसवला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली ही मेरी इव्हान्स स्वतःचे स्टंट स्वतः करायची. हॉलिवूडकडून आपण घेतलं हे खरं, पण या एका बाबतीत हिशेब आपल्या बाजूनं पुढेच होता.

युद्ध संपलं. पुरुष परत आले. कारखान्यातल्या बायकांना घरी जायला सांगण्यात आलं. मासिकांतून, जाहिरातींतून स्वयंपाकघराची नवलाई सुरू झाली. नेमकी याच १९५०च्या दशकात स्वस्त काउबॉयपटांतली बाई सगळ्यात धीट झाली, हे एक कोडंच आहे. १९५२ साली ‘आउटलॉ विमेन’मध्ये मेरी विंडसरनं एक अख्खं गाव बायकांच्या राज्यात चालवलं. आणि १९५४ साली त्याच रिपब्लिक कंपनीनं ‘जॉनी गिटार’ काढला.

हा रिपब्लिकच्या मानानं बऱ्या खर्चाचा, रंगीत सिनेमा. दिग्दर्शक निकोलस रे. जोन क्रॉफर्डनं या कादंबरीचे हक्क स्वतः घेतले होते, त्यामुळे तिचा शब्द चालत होता. ती झाली व्हिएन्ना, एका निर्जन माळावरच्या दारूच्या गुत्त्याची मालकीण. जवळून रेल्वे जाणार, हे हेरून तिनं जागा धरून ठेवलीय. तिच्याविरुद्ध गाव पेटवते ती एमा स्मॉल, मर्सिडीज मॅकॅम्ब्रिज. ही मॅकॅम्ब्रिजसुद्धा मूळची रेडिओ नाटकांतली, तो आवाज ऐकावा असा. झुंडीला हवा असतो फास आणि फासासाठी कुणीतरी. व्हिएन्ना पांढराशुभ्र झगा घालून पियानो वाजवत त्यांच्यासमोर बसते. शेवटची चकमक दोन बायकांत होते आणि बंदुका घेतलेले पुरुष खाली उभे राहून बघत राहतात. नायकाच्या नावाचा सिनेमा, पण नायक गिटारवाला पाहुणा.

त्या वेळी अमेरिकेत कम्युनिस्टांचा संशय घेऊन माणसांना देशोधडीला लावणं चालू होतं. सहकाऱ्यांची नावं सांग, नाहीतर काम बंद. सिनेमात एका पोराला नेमकं हेच करायला लावतात : व्हिएन्नाचं नाव घे, तुला सोडतो. जॉनी झालेल्या स्टर्लिंग हेडननं १९५१ साली प्रत्यक्षात चौकशी समितीपुढे अशी नावं घेतली होती. त्याचा पश्चात्ताप त्यानं पुढे जन्मभर बोलून दाखवला. पडद्यावर मात्र झुंडीपुढे ताठ उभी राहिली ती बाई. अमेरिकन समीक्षकांनी तेव्हा सिनेमाची टिंगल केली, फ्रान्समध्ये त्रूफोसारख्यांनी डोक्यावर घेतला. २००८ साली अमेरिकेनं राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या चित्रपटांत त्याची नोंद केली.

१९५७चा ‘फॉर्टी गन्स’ सॅम्युअल फुलरचा. बार्बरा स्टॅनविक चाळीस भाडोत्री बंदूकवाल्यांच्या पुढे पांढऱ्या घोड्यावर. पन्नाशीला टेकलेली ही नटी. वावटळीत रिकिबीत पाय अडकून घोड्यामागे फरफटत जाण्याचा प्रसंग करायला स्टंटवाले कचरले, तेव्हा तिनं तो स्वतः केला आणि तोही एकदाच नव्हे.

आणि ‘गनस्लिंगर’? त्याचीही हकिगत ऐका. हॉलिवूडच्या कामगार संघटनेचा आठवडा सहा दिवसांवरून पाच दिवसांवर येणार होता. त्याआधी सहा दिवसांत एक सिनेमा उरकून घेऊ, असा कॉर्मनचा व्यवहारी बेत. नेमका पाऊस कोसळला. चिखलात दिवे आणि कॅमेरे रुतायला लागले. गार्लंडचा घोटा मुरगळला. प्रतिस्पर्धी गुत्तेवालीचं काम करणारी ॲलिसन हेज घोड्यावरून पडली, तिचा हात मोडला. रुग्णवाहिका येईपर्यंत कॉर्मननं तिच्या चेहऱ्याची जवळची दृश्यं चित्रित करून घेतली, असं सांगतात. किस्सा म्हणून हसू येतं. पण हात तिचा मोडला होता. बाईला बंदूक मिळाली त्या गरिबीच्या सिनेमात, आणि त्या गरिबीची किंमत तिच्या हाडांनी चुकवली, हेही विसरून चालणार नाही.

आता दादीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. या सिनेमांचं शेवटचं रीळ नीट बघा. ‘जॉनी गिटार’चा शेवट धबधब्याखाली, नायकाच्या मिठीत. ‘फॉर्टी गन्स’मध्ये फुलरच्या मनात होतं, की नायिका गोळी लागून मरावी. स्टुडिओला ते मानवलं नाही. म्हणून ती वाचते आणि चाळीस जणांवर हुकूम चालवणारी ही बाई शेवटी एका पुरुषाच्या गाडीमागे धावते. रोज हूड तिला मारायला आलेल्या, आणि तिचं मन जडलेल्या माणसाला गोळी घालते, बिल्ला नव्या मार्शलच्या हाती देते आणि गाव सोडते. आपली हंटरवालीही शेवटी लग्नाच्या मांडवातच पोचते. बंदूक मिळाली होती ती उधारीवर. दिवे लागायच्या आत ती परत करायची.

हा फक्त कथा लिहिणाऱ्यांचा भित्रेपणा म्हणावा का? मला तसं वाटत नाही. खऱ्या पश्चिमेतही थोडंफार असंच होतं. १८६२च्या कायद्यानं अमेरिकन सरकारनं कसणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली. अविवाहित मुलगी, विधवा यांनाही त्यावर हक्क सांगता येत होता, आणि हजारो बायकांनी तो सांगितला. लग्न झालेल्या बाईला मात्र स्वतःच्या नावानं असा दावा सहसा करता येत नसे. लग्नापर्यंत जमीन, शेवटच्या रिळापर्यंत बंदूक! वायोमिंगनं १८६९ साली बायकांना मताचा हक्क दिला, तोही पश्चिमेतच, माणसं विरळ होती तिथं. जिथं मोठ्यांचं लक्ष कमी, तिथं दार थोडं किलकिलं होतं, असं दिसतं. सिनेमात काय आणि राज्यकारभारात काय.

आणि ती जमीन मुळात ज्यांची होती, त्या आदिवासी बायकांचं काय? त्यांना हे दार किलकिलंसुद्धा झालं नाही. कॉर्मननंच १९५५ साली ‘अपाची वूमन’ काढला. त्यातल्या अर्ध्या अपाची नायिकेचं काम गोऱ्या नटीनं केलं. उधारीची का होईना, बंदूक मिळाली ती गोऱ्या बाईला. याचा उल्लेख न करता नुसतं कौतुक करणं बरोबर होणार नाही.

तरीही उधारी पूर्ण फिटली असं मी म्हणणार नाही. गावाला बिल्ला परत केलेल्या बेव्हर्ली गार्लंडला पुढच्याच वर्षी, १९५७ साली, ‘डिकॉय’ या टीव्ही मालिकेत न्यूयॉर्कच्या पोलीस बाईची मुख्य भूमिका मिळाली. अमेरिकन टीव्हीवर पोलीस बाईला मध्यभागी ठेवणारी ती पहिली मालिका मानतात. लिंडा स्टर्लिंगनं चाबूक ठेवला, पुन्हा शिकायला बसली आणि पुढची कित्येक वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. १९६७ साली स्टंट करणाऱ्या बायकांनी स्वतःची संघटना काढली. त्याआधी बायकांच्या उड्या पुष्कळदा टोप घातलेले पुरुषच मारत. आणि हेलन गिब्सन? धावत्या गाडीवर उडी मारणारी ती बाई वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा कॅमेऱ्यासमोर आली. १९६२च्या ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’मध्ये तिनं घोडागाडी हाकली. मोबदला पस्तीस डॉलर. सिनेमा जॉन फोर्डचा, जगभर गाजलेला. त्यात ती कुठं आहे हे शोधायला लागतं.

दादीला यातलं काही सांगायचं राहून गेलं. पण त्या दिवशी तिनं मला एक गोष्ट सांगितली होती. तेरा-चौदा वर्षांची असताना गावात आलेल्या तंबूत तिनं ‘हंटरवाली’ पाहिला, बायकांच्या बाजूला, फुफीच्या मांडीला मांडी लावून. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिनं म्हशीचा दोर घेतला आणि परसात फटकारला. आवाज ऐकून तिची आई आली. दोर हिसकावून तिनं खुंटीला अडकवला आणि पोरीला चुलीपुढे बसवलं.

गोष्ट एवढीच. पण सांगताना दादीनं तो दोर फटकारल्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला. पन्नासहून जास्त वर्षांनी. अगदी हुबेहूब.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)